थेंब मोजणारी आत्या

घरात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस हमखास विचारायचा, "मासे कुठायत?" आणि तिथल्या तिथे आत्याच्या लेखी त्याचा निकाल लागायचा.

पुढच्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीला, चार फुटी काचेची टाकी होती. टाकीत खारं पाणी, वर निळसर दिवे, दोन्ही कडांना पाणी ढवळणारे पंप, आणि मधोमध खडकावर चाळीसेक फांद्यांचं दगडी प्रवाळ. अंगाने सायीच्या रंगाचं, टोकांना फिकं जांभळं. मासा एकच, तोही काचेवरचं शेवाळ खाण्यापुरता ठेवलेला. त्याच्याकडे आत्या ढुंकूनही बघायची नाही.

"झाड मात्र सुरेख आहे हां," पाहुणा सावरून घ्यायला बघायचा.

"झाड नाही, प्राणी आहे."

"म्हणजे जिवंत आहे?"

"तुमच्यापेक्षा बरं जिवंत आहे," असं म्हणून आत्या आत निघून जायची, आणि पाहुण्याला चहा विचारायचं काम भावजयीवर पडायचं.

अशी ही आत्या. सख्खी आत्या ती एकाच पोरीची, धाकट्या भावाच्या मुलीची. ती पोरगी शिकून दूर नोकरीला गेली, नाव मात्र मागे राहिलं आणि चौथ्या मजल्यावरचे म्हातारेसुद्धा तिला आत्याच म्हणायला लागले. पाठीमागे 'दातवाली' म्हणायचे. तेही काही खोटं नव्हतं. आत्या दात बनवायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि आत्या त्यावरून पोर्सलेनचा दात घडवून, भाजून, रंगवून परत धाडायची. आधी मोठ्या लॅबमध्ये, मग लॅबच्या मालकाशी भांडून घरच्याच टेबलावर. त्या लॅबबद्दल ती एवढंच सांगायची की बारा जणांपैकी अकरा गाढवं होती आणि मालक त्यांचा मुकादम.

तिचा हातखंडा होता रंगात. दात पांढरा असतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा आरशात बघावं. दातात पिवळा असतो, करडा असतो, टोकाशी निळी झाक असते. आत्याकडे सोळा नमुन्याच्या दातांची एक पट्टी होती. ती दवाखान्यात जाऊन रोग्याच्या खऱ्या दाताशेजारी धरून ती रंग ठरवायची, तोही एका नजरेत. समोरचा एकच दात बसवायचा, आणि शेजारच्या खऱ्या दातालासुद्धा तो परका वाटता कामा नये, असली अवघड कामं तिच्याकडेच यायची. यामुळे झालं काय, की आत्याला माणसाचं तोंड दिसायचं, चेहरा दिसायचाच नाही. लिफ्टमध्ये कुणी मनमोकळं हसलं की ती त्याचे दात न्याहाळायची आणि बाहेर पडल्यावर भावाला सांगायची, "वरचा डावीकडचा खोटा आहे. ज्याने बनवला त्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत."

"हो ताई," भाऊ म्हणायचा.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात लोंबकळून, ग्रीसने माखून घरी येणाऱ्या माणसाला कुणाच्या दाताचं काय पडलेलं असणार? तो लग्नाआधी 'हो ताई' म्हणायचा, लग्नानंतरही म्हणत राहिला. घरात शांतता हवी असेल तर हे दोन शब्द पुरतात, हा शोध त्याने फार लवकर लावला होता. त्याची किंमत बायको चुकवत होती, हे मात्र त्याच्या कधी डोक्यात आलं नाही.

भावजय मेणबत्त्या बनवायची. मागच्या गॅलरीत तिचा स्टोव्ह होता, फळीवर साठेक साचे होते. मेण वितळवायचं, त्यात रंग आणि सुवास मिसळायचा, साच्यात ओतायचं आणि दुपारी खोकी भरून दोन दुकानांना पोचवायची. अकरा वर्षं तिने हे केलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आत्याचं यावरचं मत असं, "मेणबत्त्या! वीज येऊन किती वर्षं झाली, हिला कुणी कळवलंच नाही वाटतं." भावजयीने मोठ्या हौसेने एखादा नवा रंग करून दाखवला की आत्या बोटाने ढकलून म्हणायची, "तुला रंगातलं काही दिसत नाही गं बाई. हा जांभळा आहे होय? हा तर मुका मार लागल्यावर उमटतो तो रंग." भावजय हसून मेणबत्ती उचलून न्यायची. ती सुरुवातीला 'असू दे वन्सं' म्हणायची. पुढे पुढे तेही म्हणायची बंद झाली.

आता एवढं सगळं तुच्छतेने बघणारी बाई एका दगडासारख्या जिवात का अडकली? तर त्याचं उत्तर सोपं आहे. आत्याने हजारो दात घडवले, आणि प्रत्येक दात तिच्या टेबलावरून उठून कुणातरी परक्याच्या तोंडात गेला. तो तिने पुन्हा पाहिला नाही. प्रवाळ तिने बारा वर्षांपूर्वी आणलं तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा होता, सिमेंटच्या गोळ्यावर चिकटवलेला. ते तिच्या डोळ्यांदेखत वाढलं, तिच्याच घरात राहिलं आणि तिला कधी उलटून बोललं नाही. तिचा जीव होता त्याच्यावर. ते गेलं असतं तर आत्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नसतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दगडी प्रवाळ सांभाळणं म्हणजे पाणी सांभाळणं. हा प्राणी पाण्यातले क्षार शोषून स्वतःचं हाड बांधतो. क्षार कमी पडले की वाढ थांबते. फार झाले की टोकांकडून कातडी जळत जाते आणि खालचं पांढरं हाड उघडं पडतं. म्हणून दर आठवड्याला पाणी तपासायचं. छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब एकेक करून टाकायचे. पाणी आधी निळं दिसतं, मग हिरवट होतं, मग पिवळं. जितक्या थेंबांना पिवळं झालं, तितका क्षारांचा आकडा. आत्याच्या टाकीत तो आठ ते नऊ असायला हवा. कमी आला तर ती भुकटी विरघळवून टाकीत सोडायची.

हा तपासणीचा कार्यक्रम म्हणजे घराला शिक्षाच होती. थेंब मोजताना पंखा बंद, नळ बंद, तोंडं बंद. एकदा सातव्या थेंबाला भाऊ शिंकला, तर त्याला पुढचे चार दिवस ऐकावं लागलं. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं सामान विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे यासाठी छोटं यंत्र होतं. पाणी घातलं, बटण दाबलं की आकडा. त्याने एकदा आत्याला ते घ्यायचा सल्ला दिला आणि आयुष्यभराची अवकृपा ओढवून घेतली. "ज्याला निळा आणि पिवळा कळत नाही," आत्या भर दुकानात म्हणाली, "त्याने प्रवाळ कशाला पाळावं? कोंबड्या पाळाव्यात." दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघांकडेही ते यंत्र होतं.

मग एका सकाळी आत्या टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मातकट झालंय," ती म्हणाली.

भाऊ बूट घालत होता. "काय, ताई?"

"टोकं. जांभळी होती, मातकट झालीत. दिसत नाही तुला?"

भावाने मान तिरकी करून बघितलं. "हो ताई," तो म्हणाला आणि कामावर गेला. भावजयही येऊन बघून गेली. ती काही बोलली नाही.

आत्याने पाणी तपासलं. सहा थेंबांत पिवळं. म्हणजे क्षार कमी. तिने भुकटी वाढवली. पुढच्या आठवड्यात सात. पुन्हा भुकटी. आकडा कसाबसा आठवर आणावा आणि आठ दिवसांनी बघावं तर पुन्हा खाली. टोकांचा रंग काही परतेना. दोन महिने हे चाललं. भुकटीचे डबे दुप्पट वेगाने संपायला लागले, आणि एक दिवस आत्याला बोटाएवढ्या एका फांदीचं टोक पांढरं दिसलं. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्याभरात वरच्या बाजूच्या फांद्यांची कातडी साल सोलल्यासारखी निघायला लागली आणि पाण्यात तिचे धागे तरंगायला लागले.

आत्याचं जेवण सुटलं. ती टाकीसमोर खुर्ची टाकून बसायची. पाणी बदललं, पंप धुतले, दिवे कमी केले. फांद्या मरतच राहिल्या. हे आपल्या हातून होत असेल, असा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. बारा वर्षांत तिने एकही थेंब चुकवला नव्हता. मग चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार, आणि घरात दुसरं होतं कोण? भाऊ दिवसभर बाहेर. राहिली भावजय.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली आणि आत्याने ताट पुढे सारलं.

"तुझ्या मेणबत्त्यांनी मारलं त्याला."

भावजयीचा हात थांबला. "वन्सं?"

"त्या घाणेरड्या अत्तरांनी. दिवसभर उकळत बसतेस मागे. त्याची वाफ घरभर फिरते आणि पाण्यात उतरते. मला आधीच कळायला हवं होतं."

"अकरा वर्षं मी हेच करतेय वन्सं. तेव्हा काही झालं नाही."

"तेव्हापासून साचत आलंय! आता बाहेर पडतंय."

भावजय हळूच म्हणाली, "रागावू नका, पण एकदा डोळे दाखवून या ना. परवा तुम्ही काळे मोजे समजून निळे..."

"डोळे?" आत्या उभीच राहिली. "माझे डोळे? पस्तीस वर्षं मी या डोळ्यांवर भाकरी कमावली. अख्ख्या शहराच्या तोंडात माझे डोळे आहेत! आणि मला डोळ्यांचं कोण सांगतंय, तर जिला जांभळा आणि मुक्या माराचा फरक कळत नाही ती!" ती भावाकडे वळली. "सांग हिला. ती गॅलरी बंद झाली पाहिजे. नाहीतर मी इथून निघते."

ती कुठेही निघणार नव्हती. घर तिच्याच नावावर होतं. भावाने ताटाकडे बघितलं, मग बायकोकडे, मग पुन्हा ताटाकडे.

"थोडे दिवस बंद ठेव ना," तो बायकोला म्हणाला. "ताईचं एवढं... थोडेच दिवस."

या माणसाने लिफ्टच्या खड्ड्यात उतरून अडकलेली माणसं बाहेर काढली होती. घरात मात्र त्याला एक वाक्य धड काढता आलं नाही. भावजय त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता. राग यायला आधी समोरच्याकडून काही अपेक्षा असावी लागते.

दुसऱ्या दिवशी तिने स्टोव्ह पुसून ठेवला. थोडे दिवस वगैरे तिच्या बाबतीत नव्हतं. आठवड्याच्या आत तिने दोन्ही दुकानांना नाही म्हणून कळवलं, साठच्या साठ साचे एका बाईला देऊन टाकले आणि औषधांची पाकिटं भरायच्या एका कारखान्यात दुपारच्या पाळीला जायला लागली. गॅलरी धुऊन स्वच्छ केली. आत्या गॅलरीत जाऊन नाक वर करून हुंगून आली. "आता बघ," ती प्रवाळाला म्हणाली. "आता सुटलास."

कसलं सुटलास नि काय! तीन आठवडे गेले. घरात मेणाचा वास नाही, अत्तर नाही, वाफ नाही. आणि प्रवाळ पूर्वीपेक्षा जोरात मरत होतं. आत्याला आतून कुठेतरी टोचायला लागलं, पण टोचणीला ती दाद देणारी नव्हती. तिने बाटलीत टाकीचं पाणी भरलं आणि दुकानदाराकडे गेली. भावजयीने गुपचूप टाकीत काहीतरी ओतलं असणार, ते ह्या पाण्यात सापडेल, असा तिचा होरा.

"विष बघ यात," तिने बाटली आपटली.

दुकानदार गरीब माणूस. त्याने विषाबिषाचं काही न बोलता पाणी यंत्रात घातलं, बटण दाबलं आणि आकडा बघून भुवया उंचावल्या. "आत्या, क्षार तेरावर आहेत. तुम्ही किती ठेवता?"

"साडेआठ."

"हे तेरा आहेत. एवढ्याने कातडी जळणारच."

"तुझं खेळणं बिघडलंय."

त्याने दुसऱ्या यंत्रावर केलं. तेरा. "तुमचं थेंबांचं औषध जुनं झालं असेल," तो समजुतीने म्हणाला आणि नवी कोरी बाटली काढून दिली. आत्याने घरी येऊन नव्या औषधाने तपासलं. आठ. "बघितलंस?" ती मोकळ्या खोलीला म्हणाली. "गाढवांनी गाढवांसाठी बनवलेली यंत्रं." पण खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण जोरात बोललो, आणि ऐकायला कुणी नसताना आपण जोरात का बोललो हे तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडून डबी परत आली. चार दिवसांपूर्वी तिने एका बाईचा समोरचा दात पाठवला होता. डबीत तोच दात आणि चिठ्ठी: 'रंग जुळत नाही. पुन्हा करा.' पस्तीस वर्षांत असली चिठ्ठी तिच्याकडे आली नव्हती. आधी तिने त्या बाईला शिव्या घातल्या, मग डॉक्टरला. मग सोळा दातांची पट्टी काढून खिडकीशी गेली आणि तो दात एकेका नमुन्याशेजारी धरायला लागली.

पहिल्याशी जुळला. दुसऱ्याशीही जुळला. तिसऱ्याशीही. आत्याने डोळे चोळले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पट्टीवरचे अर्धे दात तिला एकसारखे दिसत होते. सगळे चहात बुडवून काढल्यासारखे. एकेकाची ओळख अंधारातही सांगेन म्हणणारी आत्या खिडकीत भर उजेडात उभी होती आणि तिला एकाचं दुसऱ्यापासून वेगळेपण कळत नव्हतं. तिने पट्टी टेबलावर ठेवली.

भावजय स्वयंपाकघरात डबा भरत होती. तिची पाळी दोनची होती. आत्या दारात आली.

"जरा येतेस?" ती म्हणाली.

घरात येऊन भावजयीला चोवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आत्याने 'ये' म्हटलं होतं, 'ये इकडे' म्हटलं होतं, 'बहिरी झालीस का' म्हटलं होतं. 'येतेस?' पहिल्यांदाच. भावजय हात पुसत आली.

आत्याने नळीत टाकीचं पाणी घेतलं आणि नळी तिच्यासमोर धरली. "मी थेंब टाकते. तू फक्त रंग सांग."

"मी?"

"तूच. दुसरं कोण आहे?"

पंखा चालू होता. आत्या तो बंद करायचं विसरली. तिने थेंब टाकायला सुरुवात केली. निळा, निळा, निळा, भावजय सांगत गेली. सहावा थेंब. "निळा." सातवा. आत्याला पाणी हिरवट दिसत होतं. "निळा," भावजय म्हणाली. आठवा. आत्याला स्वच्छ पिवळं दिसलं. कुणीही शपथेवर सांगावं इतकं पिवळं. याच ठिकाणी ती महिनोन्‌महिने थांबत आली होती.

"आता?"

"निळाच आहे वन्सं."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. निळा आहे."

नववा. निळा. दहावा. निळा. अकरावा. बारावा. "आता जरासा हिरवट झाला," भावजय म्हणाली. तेरावा. "हां, हा पिवळा."

आत्याने नळी ठेवली. तिला हिशेब समजावून सांगायची गरज नव्हती. प्रवाळ उपाशी कधी नव्हतंच. ती त्याला चारत सुटली होती, आठवड्यामागून आठवडे, भुकटीवर भुकटी, आणि ते जळत होतं.

"पण ते आधीच मातकट झालं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "क्षार वाढवले ते रंग उतरल्यावर. आधी रंग गेला होता. मी बघितलं ना."

"नव्हता गेला."

आत्याने वर बघितलं.

"जांभळंच होतं, वन्सं," भावजय म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. "तुम्ही म्हणालात मातकट झालंय, तेव्हा मी येऊन बघितलं. मला जांभळं दिसलं. छान जांभळं. मी बोलणार होते. पण मला वाटलं, मलाच कळत नसेल. चोवीस वर्षं तुम्ही मला सांगत आलात, तुला रंगातलं काही दिसत नाही. मग मी म्हटलं, नसेलच दिसत."

आत्याला लाज वाटली. साधी, उघडी लाज, तोंडात मारल्यासारखी. त्या सकाळी तिघांनी टाकीकडे पाहिलं होतं. एकाला बघायचंच नव्हतं, एकीला दिसत नव्हतं, आणि जिला दिसत होतं तिला हिने इतकी वर्षं आंधळी ठरवून ठेवलं होतं.

"त्या बाईकडून साचे परत आणू," अखेर आत्या म्हणाली. "मी जाते. मी सांगते तिला."

"साचे नकोत."

"मग गॅलरी... तू पुन्हा सुरू कर. मी काही म्हणणार नाही."

"आता हौस नाही राहिली, वन्सं." भावजयीने ओढणीला हात पुसले. "डोळे दाखवा तेवढे. मोतीबिंदू असेल, माझ्या आईचंही असंच होतं. साधं ऑपरेशन असतं."

"तोवर..." आत्याने नळीकडे बघितलं. "तोवर रोज एवढं रंगाचं सांगशील? पाचच मिनिटं. क्षार हळूहळू उतरवायला लागतील. रोज तपासावं लागेल."

भावजयीने प्रवाळाकडे पाहिलं. मग आत्याकडे. आत्या आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेने बघत आली, ती नजर समोरून कशी दिसते हे तिला माहीत नव्हतं. आता कळलं.

"आज सांगितलं, कारण तुम्ही विचारलंत," भावजय म्हणाली. "रोज नाही सांगणार. उद्या एखादी फांदी मेली की ती पुन्हा माझ्या माथी. माझं मी मागे टाकलंय सगळं. हे तुमचं आहे, तुम्हीच बघा." तिने डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. लिफ्ट वर आल्याचा आणि खाली गेल्याचा आवाज आला.

आत्याने बादलीत ताजं पाणी घेतलं, टाकीच्या मिठाच्या पाकिटावर लिहिलं होतं तेवढं मीठ मोजून विरघळवलं, त्यात जादा पंप आणि हीटर सोडला. या पाण्यातल्या क्षारांचा आकडा पाकिटावर छापला होता. त्यासाठी थेंब टाकायची गरज नव्हती. जेवढ्या फांद्या जिवंत असतील तेवढ्या कापून या पाण्यात हलवायच्या, बाकीच्यांवर पाणी सोडायचं. दुकानदाराकडे जाऊन यंत्र मागायला तिला तोंड राहिलं नव्हतं. दुसरा उपाय नव्हता. तिने प्रवाळ कापायची जाड कात्री घेतली, बाही वर सारली आणि काचेला नाक लावलं.

मेलेलं हाड पांढरं असतं आणि जिवंत कातडी सायीच्या रंगाची. आत्याला सगळ्या फांद्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. तिने चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, दिवा वाढवून बघितला. मग डोळे मिटून घेतले आणि हात पाण्यात घालून एकेक फांदी वरून खाली बोटाने चाचपायला सुरुवात केली. मेलेली फांदी खरखरीत लागते, जिवंत बुळबुळीत. पहिली खरखरीत होती, बुडापर्यंत. दुसरीही. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या खरखरीत. उघड्या हाडाच्या कडांनी बोटाची कातडी निघायला लागली, मीठ झोंबायला लागलं, तरी तिने हात काढला नाही. चौदाव्या फांदीच्या बुडाशी बोट घसरलं. तिथे तिने नख रोवलं, दुसऱ्या हाताने कात्री आणली आणि फांदी कापली.

अशा पाच निघाल्या. चाळिसातल्या पाच, त्याही करंगळीएवढ्या. आत्याने त्या ओल्या तळहातावर घेतल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. त्यांच्या टोकांना थोडा तरी जांभळा उरलाय का, हे तिला बघायचं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारायला मागे वळली, तर घरात कुणी नव्हतं.